रव्याचं वजन

मित्रांनो, मी तराजू आहे. जुना आहे, पण बिघडलेला नाही. माझी दोन्ही पारडी पितळेची आहेत आणि मधली दांडी आजही सरळ राहते. तुम्ही माझ्यात जे ठेवाल त्याचं वजन मी बिनचूक सांगेन, याची मला खात्री आहे. मात्र त्या वजनाचा अर्थ मला कळतोच असं नाही. ते मी एका सशाकडून शिकलो.

माझा जन्म उल्हासनगरच्या एका कारखान्यात झाला. पहिली बारा वर्षं मी तिथल्याच एका सिंधी शेटजींच्या दुकानात पापड आणि लोणच्याचा मसाला तोलला. पुढे शेटजींनी तबकडीचा नवा काटा आणला आणि मी गल्ल्याखाली जाऊन पडलो. माझ्यावर धूळ बसली, एका पारड्यात तर उंदरांनी कागद कुरतडून ठेवले. १९८६ साली दिनानाथ त्या दुकानात आले नसते, तर मी भंगारातच गेलो असतो.

दिनानाथ अंबरनाथच्या कारखान्यात तपासनीस होते. तयार माल मोजून बघायचा आणि मापात बसला तर पुढे सोडायचा, हे त्यांचं काम. त्यांनी मला उचललं, दांडी डोळ्यांसमोर धरली आणि म्हणाले, "हा चांगला आहे हो."

शेटजी हसले. "साईं, चांगला आहे, पण म्हातारा आहे. घरी काय तोलणार, सोनं?"

"ससा," दिनानाथ म्हणाले.

त्यांच्या मुलीने, मीनलने, दहाव्या वाढदिवसाला ससा मागितला होता. दोन महिन्यांचं पांढरंशुभ्र पिल्लू घरी आलं आणि त्याचं नाव रवा पडलं. दिनानाथांनी मला राखेने घासून लख्ख केलं. रोज सकाळी सातला रवा माझ्या एका पारड्यात बसे, दुसऱ्यात वजनं पडत. भिंतीवर आलेखाचा कागद लावला होता, त्यावर दिनानाथ एक ठिपका काढत आणि मोठ्याने म्हणत, "पास!"

सहाशे दहा ग्रॅम, सहाशे चाळीस, सातशे. रेघ वर चढत होती. शेजारीपाजारी येऊन बघून जात. कौतुक रव्याचं होई, तेवढंच माझंही होई. रेघ आणखी भराभर चढावी म्हणून दिनानाथ रव्याला भिजवलेले चणे देऊ लागले, मग चहाबरोबरची बिस्किटं. गवताची जुडी तशीच सुकून जाऊ लागली.

एका रविवारी खोक्याखालचा कागद बदलताना मीनल थांबली. "बाबा, याच्या लेंड्या बारीक झाल्यात. आणि कमी पण."

"वजन किती?"

"आठशे चाळीस."

"काल आठशे तीस होतं. मग? पास!"

सोमवारी आठशे पन्नास भरले. मीनल पुन्हा म्हणाली, "आज सहा-सातच आहेत, बाबा."

"अगं, खाल्लेलं अंगी लागतंय त्याच्या. तुझ्यासारखं नाही, नुसतं खायचं आणि हडकुळं राहायचं."

मी आकडा बरोबर सांगितला होता, म्हणून मीही निश्चिंत होतो.

मंगळवारी सकाळी खोक्याचं दार उघडलं तरी रवा धावत आला नाही. कोपऱ्यात पाठ वर काढून, अंगाचा गोळा करून तो बसला होता. डोळे अर्धवट मिटलेले, तोंड मात्र हळूहळू हलत होतं. मीनलची आई मालिनी म्हणाली, "शांत झाला बाई एकदाचा. बघ, गाईसारखा रवंथ करतोय."

माझ्या पारड्यात तो निमूट बसला. आठशे पन्नास. दिनानाथांनी पेन उचललं, तेवढ्यात मीनल रडू लागली. "आज एकही लेंडी नाहीये. बिस्कीटसुद्धा खात नाहीये तो."

त्याच वेळी दारात बनूबाई आल्या. त्या बारवी धरणाकडच्या गावातून डोक्यावर भाजीची पाटी घेऊन यायच्या, रव्याचं गवतही त्याच आणायच्या. त्यांनी पाटी उतरवली, रव्याजवळ कान नेला आणि मालिनीकडे बघितलं.

"ताई, ह्यो रवंथ नाय. दात खातोय त्यो. पोटात दुखतंय लेकराच्या." मग कोपऱ्यातली सुकलेली जुडी त्यांना दिसली. "माझं गवत असंच पडलंय? मंग खातो काय ह्यो?"

"चणे," मालिनी हळूच म्हणाली.

"चणं? घोडा हाय का ह्यो?"

दिनानाथ त्या दिवशी कामावर गेले नाहीत. ते आणि मीनल रव्याला पिशवीत घालून गुरांच्या दवाखान्यात गेले. संध्याकाळी दिनानाथ मालिनीला सगळं सांगत होते, ते मी ऐकलं. डॉक्टरांनी पोट चाचपलं, ते कणकेच्या गोळ्यासारखं लागलं. दिनानाथांनी न विचारता पंधरा दिवसांची वजनं सांगितली. डॉक्टर म्हणाले, "ते राहू द्या. लेंड्या कधीपासून कमी झाल्या?" दिनानाथांना सांगता येईना. मीनलने दिवसवार सांगितलं.

"पुढच्या वेळी मुलीलाच आत पाठवा," डॉक्टर म्हणाले, "तुम्ही बाहेर बसलात तरी चालेल. आत गेलेलं बाहेर पडत नाहीये, वजन कमी कसं होईल? आणखी एक दिवस थांबला असतात तर ससा राहिला नसता. अजूनही रात्र जड आहे."

म्हणजे मी सशाबरोबर त्याचं दुखणंही तोलत होतो, आणि घर ते ऐकून आनंदात होतं.

डॉक्टरांनी औषध दिलं होतं. त्यांनी दाखवलं तसं दिनानाथ रात्रभर ड्रॉपरने थेंब थेंब पाणी पाजत, पोटावरून हलका हात फिरवत. मीनल समोर कोवळं गवत धरून बसे. चणे आणि बिस्किटांचे डबे मालिनीने वरच्या फळीवर ठेवून दिले.

बुधवारी सकाळी दिनानाथांनी रव्याला माझ्यात ठेवलं आणि वजनं काढत गेले. आठशे वीस. इतक्या दिवसांत रेघ पहिल्यांदाच खाली आली होती. त्यांचा चेहरा उतरला. मलाही, मित्रांनो, तो आकडा सांगवत नव्हता.

"बाबा, इकडे बघा!" मीनल खोक्यात डोकं घालून ओरडली. "लेंड्या! किती आहेत!"

मालिनी स्वयंपाकघरातून धावत आली. "या घरात लेंड्या बघून कुणाला आनंद होईल असं वाटलं नव्हतं मला," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसू लागली. रव्याने पारड्यात बसल्या बसल्या मान पुढे काढली आणि मीनलच्या हातातली गवताची काडी ओढून घेतली. दिनानाथ खाली आलेला तो ठिपका काढून त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पेन मीनलच्या हातात दिलं. "आजपासून तू लिही. काय खाल्लं, कसा बसला, खोक्यात काय पडलं. वजन सगळ्यात शेवटी."

रवा त्यानंतर सहा वर्षं जगला. त्या सहा वर्षांत मला रोजच्या रोज कधी बोलावलं गेलं नाही, आठवड्यातून एकदा बोलावत. बाकी दिवस दिनानाथ चहाचा कप घेऊन खोक्यासमोर जमिनीवर बसत आणि मीनलला विचारत, "काय दिसतंय?" मुलगी सांगे आणि कारखान्यातला तपासनीस ऐकून घेई.

आता दिनानाथ नाहीत. मी बदलापूरला मीनलच्या घरी, खिडकीजवळ असतो. ती अधूनमधून मला पुसते.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादा लहान जीव असेल, तर त्याचं वजन जरूर करा. मी सांगेन तो आकडा खराच असेल. पण त्याआधी त्याच्यासमोर जमिनीवर जाऊन बसा. तो धावत येतो का बघा. काल बसला तसाच आज बसलाय का बघा. आणि घरातलं लहान कुणी म्हणालं की याचं काहीतरी बिनसलंय, तर मला विचारायला येऊ नका. तसेच उठा, त्या जिवाला उचला आणि दवाखान्यात जा.