न मागण्याचा नियम

मिशनऱ्याच्या बायकोची दाढ ठणकत होती आणि शनिवारचा मुक्काम नेमका दातांच्या डॉक्टरांकडे होता. दुसऱ्या कुणी याला योग म्हटलं असतं. पण या कुटुंबाचा एक नियम होता: मागायचं नाही, नुसते आभार मानायचे. चर्चच्या मंडळ्यामंडळ्यांतून फिरायचं, सेवाकार्याची माहिती द्यायची आणि आपली गरज फक्त देवाच्या कानावर घालायची. पुढे कुणाचं मन हलवायचं ते तो बघेल. नवऱ्याने हा नियम लग्नाआधीच सांगितला होता, त्यामुळे आता तक्रारीला जागा नव्हती.

या दौऱ्यात त्यांनी कशाकशाचे आभार मानले होते! लोकांनी देऊ केलेल्या उसवलेल्या गाद्यांचे, झाकण हरवलेल्या डब्यांचे, एका हाताच्या बाहुलीचे. धाकटी लेक तर हल्ली ठेच लागून पडली तरी "आभारी आहे" म्हणत उठायची. पूर्वी आईला हे ऐकून गलबलून यायचं. आता तिला दाढेखेरीज काही जाणवत नव्हतं. सोमवारी ते परत आपल्या सेवेच्या गावी निघणार होते, आणि तिकडे दातांचा डॉक्टर गाठायचा म्हणजे नदी ओलांडून दिवसभर बस.

जेवणाआधी तिने पाहुण्यांच्या खोलीत नवऱ्याला हे सांगितलं. त्याने लगेच तिचा हात हातात घेतला आणि डॉक्टरांचं मन हलावं म्हणून प्रार्थना केली, तीही चांगली खणखणीत आवाजात. भिंत पातळ होती. पण पलीकडे डॉक्टर बातम्या बघत होते.

जेवताना डॉक्टर रंगात आले. आडव्या उगवलेल्या एका अक्कलदाढेशी आपण कशी झुंज दिली ते त्यांनी साग्रसंगीत सांगितलं. बाकीच्यांची भूक मेली. मिशनरीबाईंच्या तोंडाला पाणी सुटलं. त्या कडक पाव सुपात बुडवून डाव्या बाजूने चघळत होत्या. डॉक्टरांनी ते पाहिलं आणि सूप आवडलं वाटतं म्हणून आणखी वाढलं. मग आतून टूथब्रशांचा खोका आणला. नवरा उभा राहिला आणि त्याने खोक्याचे यथासांग आभार मानले.

"आणखी काही लागलं तर संकोच करू नका हं, वहिनी," डॉक्टर म्हणाले.

"देवाच्या कृपेने काही कमी नाही," नवरा म्हणाला.

"माझी दाढ दुखतेय," ती म्हणाली. "काढून द्या."

नवरा सुपाकडे बघत राहिला.

"अहो वहिनी, मग इतका वेळ माझ्या गप्पा काय ऐकत बसलात? उठा."

दवाखाना तळमजल्यावरच होता. इंजेक्शन दिल्यावर गाल दुसऱ्या कुणाचा तरी झाला आणि दाढ निघाली. तिला काही वाटलं नाही. त्यात नवीन असं काही नव्हतं.

रविवारी सकाळी चर्चमध्ये उपासनेत तिच्या तोंडात कापूस, म्हणून देवाने काय केलं याची तिची साक्षही नवऱ्यानेच दिली. "आम्ही कुणापाशी एक शब्द काढला नाही," तो सांगत होता. "नुसती प्रार्थना केली. आणि डॉक्टर स्वतःहून म्हणाले, वहिनी, उठा."

पहिल्या रांगेत डॉक्टर जरा चुळबुळले. पण ते 'स्वतःहून' हळूहळू त्यांच्या अंगी लागलं. शेवटी तर त्यांनी डोळे पुसले. नवराही खोटं बोलत नव्हता. तो चेहरा तिच्या ओळखीचा होता. त्याला ते आता तसंच आठवत होतं. पाळकसाहेबांनी वहिनींच्या मूक विश्वासाबद्दल खास आभार मानले. इथे आपल्याला राग यायला हवा, हे तिला कळत होतं. तिने थोडा वेळ वाट पाहिली. आला नाही.

धाकटी तिच्या कानाशी लागली. "आई, पण तू तर मागितलं होतंस ना?"

तिने मान हलवली. हो.

धाकटीने बराच विचार केला. "मग मलापण एक मागायचंय."

सगळे गाण्यासाठी उभे राहिले. या दोघी बसूनच होत्या. आईने तोंडातला कापूस काढून रुमालात गुंडाळला.

"माग," ती म्हणाली.