आतल्या खोलीतली रेंज

सर्वेश स्टुलावर चढून दारावरच्या वाय-फायच्या पांढऱ्या डब्याच्या वायरी तपासत होता आणि खाली उभी राहून माधुरी त्याला घर समजावून सांगत होती. ही एक भिंत, मग बाथरूम, मग आणखी एक भिंत आणि तिच्यापलीकडे आईची खोली. तिथे रेंज पोहोचत नाही, म्हणून वेगळा राउटर लावायचा. सर्वेश इंटरनेट कंपनीचा माणूस. रविवार असून त्याला गळ घालून बोलावलं होतं ते माधुरीनेच, त्यासाठी ती मुलुंडहून सकाळीच आली होती. तिचा थोरला भाऊ दत्ताराम स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखा खिडकीपाशी उभा होता.

राउटर घ्यावा की नाही, हे गणपतीपासून चाललं होतं. दत्तारामला कुठलीच वस्तू पटकन घेता येत नसे. साधी छत्री घ्यायची तरी कांदिवली स्टेशनबाहेरची सगळी दुकानं पालथी घालणारा माणूस, त्यामुळे कुणाला काही वावगं वाटलं नाही. आधी तो म्हणाला, माहिती काढतो. मग म्हणाला, दिवाळीत सेल लागेल. दिवाळी झाल्यावर म्हणाला, वरच्या मजल्यावरच्यांनी घेतलेला महिन्याभरात बंद पडला. माधुरी फोनवर हसायची, लग्नाचंही असंच घोळवत ठेवलंस म्हणायची. तोही हसायचा.

लग्न राहिलं ते राहिलंच. गिरणी बंद पडल्यावर वडिलांनी अंथरूण धरलं, त्यांचं सगळं त्याने केलं. ते गेले, पुढे आई बाथरूममध्ये पडली आणि तिचा खुबा मोडला. तेव्हापासून विमलाबाई आतल्या खोलीत पलंगावर होत्या. अंधेरीच्या विमा ऑफिसने जागा सोडली, तसं दत्तारामचं कारकुनीचं काम घरूनच सुरू झालं होतं, हॉलमधल्या जेवणाच्या टेबलावर. आईला पुसून घेणं, डायपर, पेज भरवणं, कूस बदलणं, कशात म्हणून तो कमी पडायचा नाही. पण ते झालं की तो बाहेर यायचा आणि दार लोटून घ्यायचा. आईचं मागणं एवढंच होतं की बोलू नकोस हवं तर, पण इथे बसून काम कर, तू दिसलास की बरं वाटतं. तो म्हणायचा, आत रेंज नाही गं.

सुरुवातीला खरंच नव्हती. नंतर इंटरनेट कंपनीने डबा बदलून दिला. त्यानंतर एकदा आईला गोळी देताना त्याने खिशातला मोबाइल काढून पाहिला होता. रेंज पूर्ण होती. पाहिला आणि परत खिशात टाकला. त्या खोलीत त्याचा जीव गुदमरायचा. डेटॉलचा वास, बंद खिडकी आणि तिचं एकटक बघणं. आधी वडिलांच्या आणि आता आईच्या पलंगापाशी त्याचं वय निघून गेलं होतं आणि दिवसातले काही तास तरी त्याला ते बघायचं नव्हतं. हे तो कुणाला सांगणार होता? रेंज नाही म्हटलं की भागत होतं.

आत किती कमी येते ते बघतो, म्हणजे कुठला लावायचा ते सांगतो, म्हणत सर्वेश मोबाइल घेऊन आतल्या खोलीत गेला. मागोमाग माधुरी. दत्ताराम दारातच थांबला.

"ताई, इथे तर मस्त येतेय ना," सर्वेश म्हणाला. "वेगळा राउटर कशाला घेता उगाच?"

माधुरीने त्याचा मोबाइल हातात घेऊन पाहिला. मग भावाकडे पाहिलं.

"दादा, तू तर म्हणत होतास..."



"आता येता ती," पलंगावरून आई म्हणाली. "दुपारी जाता. माका म्हायती असा. तो बिचारो कितीदा काम घेवन बसलो हय, नेट सारखा बंद पडायचा."

तो तिथे एकदाही बसला नव्हता. आई छताकडे बघत, जराही न अडखळता बोलली होती. मग तर राउटर घेऊच, असं माधुरी म्हणाली, तशी आईने मान हलवली.

"नको गो. त्याचो दिवो रातभर डोळ्यार येतलो. तो भायरच बरो असा."

सर्वेश चहा पिऊन गेला. निघताना माधुरीने जिन्यापाशी दत्तारामच्या पाठीवर हात ठेवला आणि उतरून गेली. तिला कळलं होतं की नाही, ते त्याला समजलं नाही. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

सोमवारी आईचं आवरून झाल्यावर तो खुर्ची आणि लॅपटॉप घेऊन आत आला. नेट लगेच लागलं. आईने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा इतका खुलला की त्याने घाईघाईने स्क्रीनकडे नजर वळवली.  त्याच्या कामात व्यत्यय नको म्हणून ती खोकलासुद्धा दाबत होती. तो टाइप करत राहिला. थोड्या वेळाने त्याने दाराकडे पाहिलं. मग पुन्हा एकदा पाहिलं.

"माका झोप येता," आई म्हणाली. "उजेड नको. तू जा भायर."

तिने डोळे मिटले. दिवसा ती कधी झोपत नसे. तिची झोप त्याला जन्मापासून ठाऊक होती आणि ही ती नव्हती. पापण्या थरथरत होत्या.

तो तसाच बसून राहिला. मग लॅपटॉप उचलून बाहेर आला आणि त्याने दार लोटून घेतलं. खुर्ची तेवढी आतच राहू दिली.