मस्तानाचा धोंडा

“सांगलंय तर कोणाक खरां वाटाचां नाय,” चहाच्या टपरीवर मांडी ठोकून भिकाजी ड्रायव्हर म्हणाला, “पण इसाक मस्तान मांडवीच्या पाण्यावयल्यान चलत गेलो. ह्या डोळ्यांनी बघलंय.”

सगुण हवालदाराने कपाळाला हात लावला. इसाकला फेरीबोटीने मांडवीपार, पणजीला वेड्यांच्या इस्पितळात पोचवायचं काम त्याने भिकाजीच्या ट्रकवर सोपवलं होतं, आणि ट्रक रिकामाच परत आला होता.

गोवा राज्य झालं त्या साली डिचोलीच्या रस्त्यावर खनिजाच्या ट्रकांची रीघ लागलेली असे, आणि दर्ग्याच्या वळणावर इसाक, अल्लाच्या नादातला हा वेडा फकीर, धोंडे जमवून बसलेला असे. तो सात पिढ्यांचा उद्धार करी, फाळक्यावर धोंडा हाणी, आणि ड्रायव्हर खूश! धोंडा वाजला की फेरी सुखरूप. एखाद्या दिवशी नेम चुकला तर भिकाजी ट्रक रिव्हर्स घेऊन पुन्हा वळणावर येई. इसाक ना रोजा धरी, ना नमाज पढे. पण दर्ग्याचे मुजावर म्हणत, “ज्याची अक्कल अल्लाने स्वतःजवळ ठेवून घेतली, त्याच्याकडे हिशेब कोण मागणार?”

आता हे ठाण्यात बदलून आलेल्या नव्या साहेबांना कोण सांगणार? त्यांच्या जीपची काच फुटली तेव्हा ड्रायव्हर मंडळी अभिनंदन करायला धावली. एकाने तर बॉनेटवर नारळ वाढवला. साहेबांनी त्याच दिवशी इसाकला कोंडायचा हुकूम काढला.

“आनी फेरीबोटीत दुसऱ्या कोणीच बघूक नाय?” हवालदाराने विचारलं.

“तां दिसाक पुण्य लागतां, सायबा. तुमी आसल्यात तर तुमकां दिसलां असतां.”

यावर हवालदाराला नाही म्हणवेना. “तसां बघल्यार… हां,” असं पुटपुटत टोपी चढवून तो चालता झाला.

भिकाजीने सुटकेचा निःश्वास टाकला. खरं तर त्या घडीला इसाक तुये गावात, भिकाजीच्याच परसात बसून त्याच्या बायकोच्या, लक्ष्मीच्या, कोंबड्यांना शिव्या हासडत होता. ही गोष्ट बायको सोडून कोणाला माहीत नव्हती. टपरीच्या पायरीवर बसलेल्या जैतूनबीलाही नाही. ही इसाकची थोरली बहीण; आई गेल्यापासून त्याला हिनेच भरवलं होतं. पण बाई पक्की नमाजी. हवालदाराने विचारलं असतं तर खोटं बोलली नसती. रडेल थोडे दिवस, असं म्हणून भिकाजीने मन घट्ट केलं होतं. आता मात्र तिचे सुजलेले डोळे पाहून त्याला राहवेना. म्हणून त्याने गोष्ट आणखी सजवली.

“रडां नको गे, जैतूनबी. काय तेज होतां तोंडार! मासे दोनय बाजूंनी माना लववन उबे रवले. पाय म्हणून भिजूक नाय त्याचे.”

 जैतूनबी पदराने नाक पुसून उठली, आणि सगळी टपरी वळून पाहील अशा आवाजात म्हणाली,

“पाण्यात? माझो इसाक? न्हाणयेत तांब्यो उचल्ल्यार माडार चडता तो! फटींग मेल्या, खोटां सांगतंस! …आनी पेज निववून वाढूक सांग तुझ्या बायलेक. गरम लागली काय रडता.”