वाफ्यातल्या फळ्या

थंडी सरली तरी पाऊस काही सरेना. आजोबा खिडकीशी उभे राहून आभाळाला शिव्या घालत होते आणि आभाळ ढिम्म.

परसातल्या वाफ्यात त्यांनी मटार पेरले होते. साधेसुधे नव्हेत, थोरल्या बहिणीचे. ताई दरवर्षी काही शेंगा वेलावरच वाळवायची आणि बी पुढच्या सालासाठी जपायची. ती गेली, मागे उरलं डबीभर बी. पहिली पेरणी चिखलात कुजली. दुसरीत डबी रिकामी झाली. आता हे कोंब गेले की ताईचे मटार जगातून गेले.

आणि कोंब तर रोज जात होते. संध्याकाळी हिरवा तुरा, सकाळी नुसता देठ.

"शेजारणीच्या कोंबड्याच!"

"कोंबड्या रात्री झोपतात हो," आजी बटाटे सोलता सोलता म्हणाली.

"मग हा मेला पाऊस!"

"पाऊस पानं खातो होय?"

आजोबा दातओठ खात बाहेर पडले. छत्री घेऊन नात मागोमाग. तिला सगळे चिमणी म्हणत.

जन्मभर सुतारकाम केलेला माणूस. मटाराच्या ओळींमधून चालायला त्यांनी छान रंधा मारलेल्या फळ्या अंथरल्या होत्या.

"मातीत पाय का नाही टाकायचा, सांग बरं?"

"ओली माती दबते, मग मुळांना श्वास घेता येत नाही," चिमणीनं घडाघडा सांगितलं आणि फळीच्या टोकावर उडी मारली. दुसरं टोक वर उचललं गेलं.

"ईऽऽ! आजोबा, खाली बघा!"

फळीच्या पोटाला बोटाएवढ्या, बिनशंखाच्या, चिकट गोगलगायी बिलगल्या होत्या. आजोबांनी दुसरी फळी उलटली. तिसरी उलटली. तेच. दिवसभर गार सावलीत झोप आणि रात्री उशाशीच जेवण.

"वा!" आजी दारातून म्हणाली. "चोरांना पलंग करून दिलात, तोही रंधा मारून!"

"आत्ताच्या आत्ता चुलीत घालतो या फळ्या!"

"नको ना," चिमणी म्हणाली. "गोगलगायी रोज इथेच लपणार. मग आपल्याला शोधायला नकोत."

आजोबांनी फळी हातातच धरून ठेवली. मग ती परत जागेवर ठेवली. बादली आणली, चिमटा आणला, आणि दोघं गोगलगायी वेचू लागले. कोपऱ्यात थोडेसे कोंब अजून ताठ उभे होते.

"यंदा एकही शेंग तोडायची नाही," आजोबा म्हणाले. "सगळ्या बियाण्याला."

"एकसुद्धा नाही? मग मी हे घाणेरडं काम कशाला करतेय?"

"पुढच्या वर्षी खाशील."

"पुढच्या वर्षी पाऊस नसेल?"

आजोबांनी वर पाहिलं. टपोरा थेंब थेट चष्म्यावर पडला.

"ती फळी धर," ते करवादले, "आणि बडबड कमी कर."