रेषेवरचा चेंडू

बेंबळीच्या पंचायतीत टीव्ही आला, त्या दुष्काळात आमी बाया तलावाच्या कामावर होतो. मुकादम पिराजी पांढरी फक्की टाकून चौकोन आखायचा, आमी तो रेषेसकट खणायचो. पण मोजताना हा बाबा टेप चारी बाजूंनी चार-चार बोटं आत धरायचा. "रेष हद्दीची, ती मापात न्हाय," म्हणायचा. रोज तेवढी माती फुकट! लई संताप यायचा.

शनिवारी संध्याकाळी टीव्हीवर बायकांच्या टेनिसची फायनल लागली. दोघीच पोरी, मधी जाळी. पिराजी खुर्ची टाकून आमाला खेळ समजावत बसला, जणू त्यानंच त्यांना शिकवलं होतं. उंच पोरगी जिंकायच्या बेतात होती. तिनं असा काय चेंडू हाणला, की तो कडेच्या रेषेवर आदळला अन् पांढरी धूळ उडाली.

"रेषेवर पडला, गेला बाहेर!" मी हळहळले.

पिराजी खेकसला, "सारजाबाई, काय कळतंय का तुमाला? रेष मैदानातच धरत्यात. रेषेवर म्हंजी आत!"

पोरीनं परातीएवढी चांदीची थाळी उचलली, पण ती कुणी बघितलीच न्हाय. पंधरा बाया वळून पिराजीकडं बघत होत्या.

सोमवारी त्यानं नेहमीसारखा टेप चार बोटं आत ठेवला. म्या घमेल्यातली चिमूटभर फक्की घेतली अन् त्याच्यासमोर हळूच फुंकली.

टेप गुमान बाहेर सरकला.