खोऱ्यातला वाटा

ऑगस्ट सरत आला की सोलबर्गांच्या स्वयंपाकघरात रानबेरींच्या मुरंब्याचा वास भरून राहायचा. गुड्रुन उकळत्या पाण्यातून बरण्या काढायची, लेक लिनेया त्या पुसून झाकणं घट्ट करायची, आणि आर्विड खिडकीशी कॉफी पीत घरामागच्या खोऱ्याकडे बघत बसायचा. त्या दिवशीही तसंच चाललं होतं. फक्त सकाळी शिकारीच्या सोडतीचा निकाल लागला होता, आणि यंदाही त्यात आर्विडचं नाव नव्हतं.

"सोडत काढणाऱ्यांना 'सोलबर्ग' लिहिता येत नसावं," तो म्हणाला.

गुड्रुन हसली नाही.

ब्रिटिश कोलंबियाच्या उत्तर टोकाच्या त्या गावात शिकार हा शौक नव्हता. शरदात एक मूस मिळाला, सांबराच्या दुपटीतिपटीनं थोराड असा तो प्राणी, की हिवाळाभर घरात मांस पुरायचं. शिवाय शेजारच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या दारी पहिला वाटा पोचायचा. आर्विड आपल्या वडिलांबरोबर त्या खोऱ्यात हिंडला होता, आणि लिनेयाला दबक्या पावलांनी चालायला त्यानं तिथंच शिकवलं होतं.

पुढे मूस कमी झाले. किती नर मारायचे ते सरकार ठरवू लागलं. त्यातला एक हिस्सा आधीच बाजूला निघायचा. तो खोऱ्याचा परवाना असलेल्या डेल प्रुडेनचा. डेल परदेशी शिकारी आणायचा, त्यांना आपल्या तळावर ठेवायचा आणि मूस दाखवायचे पैसे घ्यायचा. उरलेल्या नरांसाठी गावकऱ्यांनी सोडतीत नाव टाकायचं. मूस आणखी घटले, तेव्हा कात्री लागली ती सोडतीलाच. डेलचा हिस्सा जसाच्या तसा राहिला. त्यानं आगाऊ नोंदण्या घेतलेल्या असत, आणि धंदा बुडता कामा नये हे राजधानीत जाऊन पटवून देणारी धंदेवाल्यांची संघटना होती. गावकऱ्यांची बाजू मांडायला कोण जाणार? ते दुकानाच्या पायरीवर कुरकुर करायचे आणि घरी जायचे.

लाकडाची गिरणी बंद पडल्यापासून लिनेया शरदात डेलच्या तळावर स्वयंपाकाला जात असे. यंदा जावं की नाही, असं तिनं बापाला विचारलं. त्यानं तिची समजूत घातली. डेल वाईट माणूस नाही, वेळेवर पगार देतो, आणि घरात कुणीतरी कमावलंच पाहिजे.

"आणि तू काय करणार?" तिनं विचारलं.

तो उत्तरेच्या मोठ्या सरोवरावर जाणार होता. सरोवरापलीकडच्या रानात गावकऱ्यांना सोडतीशिवाय मुभा होती. मुभा होती, कारण तिथवर जाणं कुणाला परवडत नसे. दिवसभराचा रस्ता, मग छोट्या होडीतून उघड्या पाण्यावरचा प्रवास. त्याचा नेहमीचा जोडीदार गुडघ्यानं अधू झाला होता, म्हणजे एकट्यानंच जायचं. गुड्रुननं परोपरीनं सांगून पाहिलं. यंदा दुकानातलं मांस खाऊ, असंही म्हणाली.

"अगं, आयुष्यभर लोकांच्या घरी वाटा पोचवला," आर्विड म्हणाला. "आता त्यांच्या दारावरून मान खाली घालून जाऊ?"

गुड्रुननं त्याच्या शिदोरीचा डबा भरायला घेतला.

शरदात लिनेया तळावर कामाला गेली. आर्विड सरोवराकडे निघाला त्या आठवड्यात तिथं दूरदेशीचा एक वयस्क गृहस्थ आला होता. मोठा अदबशीर माणूस. लिनेयानं वाढलेल्या प्रत्येक ताटाचे आभार मानायचा, आपल्या नातवंडांचे फोटो दाखवायचा. एका सकाळी त्यानं दलदलीच्या कडेला मोठा नर टिपला. लिनेयाला ती जागा ठाऊक होती. लहानपणी तिथंच ती मूसची वाट बघत बापाच्या पाठीला पाठ लावून बसत असे. संध्याकाळी सगळे त्या शिंगांभोवती जमले. गृहस्थाला हवी होती ती शिंगं. एवढं मांस विमानातून तो नेणार तरी कसा? डेल म्हणाला, गावात वाटून टाकू, एक मागची तंगडी सोलबर्गांकडे. त्यानं ते मनापासूनच म्हटलं होतं. लिनेया भांडी घासत राहिली.

दुसऱ्या दिवशी बिनतारी यंत्रावर निरोप आला. सरोवरावर वादळी वारा सुटला होता. आर्विडची होडी काठाला उलटी सापडली होती, आर्विड नव्हता.

डेलनं पाहुण्यांना तसंच सोडलं आणि पाण्यावर उतरणारं आपलं लहानसं विमान काढलं. लिनेया शेजारी बसली. किनाऱ्याकिनाऱ्यानं ते घिरट्या घालत राहिले. शेवटी लव्हाळ्यात आर्विडचं लाल जाकीट दिसलं. डेल कमरेइतक्या गार पाण्यात उतरला आणि त्यानं आर्विडला लहान मुलासारखं दोन्ही हातांवर उचलून आणलं. लिनेयानं बापाचे ओले केस मागे सारले. 

दफन झालं. चर्चच्या दालनात बायकांनी आणलेलं जेवण लोक हळू आवाजात जेवले. त्यानंतर काही दिवसांनी डेल दारात उभा राहिला, तंगडीच्या मांसाचं कागदात गुंडाळलेलं गाठोडं घेऊन. लिनेया पुढे झाली ती ते मांस परत करायलाच. पण आईनं तिला बाजूला केलं, मांस घेतलं आणि डेलचे आभार मानले.

"आई, हे कुठलं मांस आहे ते तुला माहीत आहे?"

"माहीत आहे. पण तुझ्या बाबानं कधी मांस वाया घालवलं नाही. मीही घालवणार नाही."

तिनं ते शिजवलं. शेजारच्या म्हातारीचा वाटा आधी काढून ठेवला. मग दोघी समोरासमोर बसल्या. लिनेया घास नुसताच ताटात फिरवत राहिली. गुड्रुन मात्र एकेक घास चावून गिळत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसायलाही ती थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी लिनेया डेलकडे गेली आणि पुढच्या शरदात आपण येणार नाही म्हणाली.

डेलनं हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "लिनेया, नियम मी केलेला नाही."

"नाही. पण तो बदलू नये म्हणून दर वर्षी राजधानीला तुम्ही जाता."

"माझ्या तळावर गावातलीच माणसं पोसली जातात."

"मीही त्यांतलीच होते," ती म्हणाली.

हिवाळ्यात ती घरोघरी जाऊन लोकांना सभेला यायला सांगत फिरली. शिकारीच्या वाटणीबद्दल लोकांचं ऐकून घ्यायला सरकारी अधिकारी येणार होते. एरवी अशा सभेला चार टाळकी जमत. यंदा सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. लिनेयानं मागणी मांडली ती साधी होती. पाहुण्याला आधी वाढावं हे आम्हाला लहानपणापासून शिकवलंय, ती म्हणाली; पण रानातच चणचण असेल तेव्हा विकायचा हिस्सा आधी कमी व्हावा, घरच्यांचा नंतर.

अधिकाऱ्यानं तिच्या वडिलांबद्दल दुःख व्यक्त केलं. माणूस सभ्य होता. वाऱ्यामुळे झालेला अपघात आणि वाटणीचा नियम यांची गल्लत करू नये, असं त्यानं हळुवारपणे सुचवलं.

"वारा होता, खरं आहे," लिनेया म्हणाली. "पण साठी उलटलेल्या माणसाला घरामागचं खोरं सोडून त्या वाऱ्यात कुणी पाठवलं?"

अधिकाऱ्यानं शेजारी बसलेल्या सहकाऱ्याकडे पाहिलं. मागच्या रांगेत डेल होता. आपल्या संघटनेच्या वतीनं बोलायला तो उठणार होता, पण उठला नाही. सभा संपल्याचं कुणीतरी जाहीर केलं.

नियम अजून बदललेला नाही. लिनेया दर हिवाळ्यात सभेला जाते, तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारते आणि उत्तर येईपर्यंत खाली बसत नाही. आता तिच्या शेजारी गुड्रुनही उभी असते.