डीपीची परीक्षा

घरच्या थोरल्या सुनेनं टाकीचं झाकण उघडून वास घेतला आणि खालचा नळ सोडला. दूध पुन्हा नासलं होतं. पहिल्या वेळी ती रडली होती, नंतर विजेच्या ऑफिसात जाऊन भांडली होती. आता नुसती उभी राहून वाहून जाणारं दूध बघत होती. गावात दूध थंड करायची टाकी एकच, ती हिच्या अंगणात. दूध नेणारे टेम्पो बॅटरीचे झाले तेव्हापासून ते संध्याकाळी चार्जिंगला लागले, की गावच्या जुन्या डीपीचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा, जीव जायचा आणि टाकीची मोटर नुसती गुरगुरायची.

आज मात्र विजेच्या ऑफिसातले साहेब यंत्र घेऊन आले होते. ते डीपीला जोडून त्यांनी तिला समजावलं, "सगळे टेम्पो एकदम लावायचे. गावानं रोजच्यासारखी लाईट वापरायची. डीपी कमी पडते असं यंत्रात दिसलं, की मोठी डीपी मंजूर."

"कमी तर पडणारच, साहेब. त्याची काळजीच नको."

तिनं दिराला घरोघर सांगायला पिटाळलं. टेम्पो लागले. थोरली अंगणातल्या बल्बकडे बघत राहिली. बल्ब लख्ख. मोटर तर कालच आणल्यासारखी चालत होती.

"वहिनी, तुमची डीपी दणकट आहे की!" साहेब खूश झाले.

तिनं गावाकडे नजर फिरवली. अंधारून आलं तरी एकाही घरात दिवा नव्हता, एकही पंप वाजत नव्हता. तिनं दिराला गाठलं.

"काय सांगितलंस लोकांना?"

"आपल्या डीपीची परीक्षा आहे म्हणून."

एवढंच. बाकीचं गावानं स्वतःहून केलं. गिरणी सुरू झाली की पंप थांबवायचे, कुणाकडे पाहुणे आले की शेजाऱ्यांनी दिवे मालवायचे, असंच या गावानं डीपीला आजवर सांभाळलं होतं. परीक्षा म्हटल्यावर कोण मागं राहतंय!

"साहेब, लोकांनी सगळं बंद ठेवलंय. उद्या परत लावा ना यंत्र."

"उद्या दुसरं गाव आहे. नोंद झाली ती झाली, वहिनी. मी काय लिहू, लोक फार चांगले आहेत म्हणून?"

तिला संताप यायला हवा होता. आला नाही. साहेबांची गाडी गेली तसे गिरणीवाले काका घाम पुसत आले.

"काय गं, झालो ना पास? पंखासुद्धा लावू दिला नाही मी घरात. नातवंडं भिजली घामानं, पण हूं की चूं नाही!"

थोरलीनं त्यांच्या हसऱ्या तोंडाकडे पाहिलं.

"झालो, काका. पैकीच्या पैकी."

काकांनी वळून हाळी दिली, "लावा रे आता सगळं!" घराघरांत दिवे लागले, पंप सुरू झाले. मोटर गुरगुरायच्या आत थोरलीनं स्वतःच जाऊन टाकीचं बटण बंद केलं.